आधी ते कार्ट रिकामं कर

चिऊ,

तुझा मेसेज वाचला आणि खालचे स्क्रीनशॉटपण बघितले, बांबूचे ब्रश, स्टीलचे स्ट्रॉ, कापडी पिशव्यांचा सेट, एकसारख्या झाकणाच्या काचेच्या बरण्या, आणि शेवटी तुझा प्रश्न की बाबा, घर पर्यावरणपूरक करायचंय, तर या ऑनलाइन कार्टमधलं आधी काय घेऊ. फोनवर उत्तर टाइप करायला घेतलं तर ते लांबतच गेलं म्हणून मेल करतोय, पिल्लू झोपलं की निवांत वाच. माझं सरळ मत आहे की सध्या काहीच घेऊ नकोस. घरात ज्या प्लॅस्टिकच्या डब्यांचा तुला एवढा राग आलाय ते बनून झालेत, त्यांच्यामुळे व्हायचं ते नुकसान आधीच होऊन बसलंय, आता ते फेकून काचेच्या बरण्या आणणं म्हणजे एक कचरा आणि वर एक नवीन खरेदी. गरम जेवण त्यात भरू नकोस एवढंच, बाकी कोरड्या वस्तू, स्क्रू, रंगीत खडू, काहीही ठेव.

पिशव्यांचंच बघ. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये हिशोब मांडला होता, त्यात असं निघालं की साध्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा कापडी पिशवी हवामानाच्या दृष्टीने परवडायची असेल तर ती १३१ वेळा तरी वापरली पाहिजे, कारण कापूस पिकवायला, सूत काढायला, विणायला बरंच काही खर्ची पडतं. याचा अर्थ कापडी पिशवी वाईट असा नाही हं, प्लॅस्टिक वाऱ्यावर उडून नदीनाल्यात जातं तो प्रश्न वेगळाच आहे. पण घरात चारपाच पिशव्या पडलेल्या असताना नवीन सेट कशाला? आहेत त्या फाटेस्तोवर वापर, फाटल्या की टाके घाल. एक दाराला लटकव आणि एक गाडीत टाकून ठेव, कारण पिशवी नसते हा आपला प्रॉब्लेम नसतोच, बाहेर पडताना ती हाताशी नसते हा असतो.

आता खरी गंमत सांगतो. तू लिहिलंयस की दिवे बंद करण्यावरून घरात रोज वाद होतो. दिवे बंद करावेत, नक्कीच, पण जरा आकडे बघ. शॉवरमधून मिनिटाला साधारण १० लिटर पाणी जातं, म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला १०० लिटर, ते ३० अंशांनी तापवायला लागते साडेतीन युनिट वीज. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा सलग १६ दिवस जळतो, रात्रंदिवस! त्यामुळे दिव्यावरून भांडण्यापेक्षा गरम पाण्याकडे लक्ष दे. आंघोळ पाच मिनिटांत आटोपली की निम्मी वीज वाचली. वॉशिंग मशीनचंही तेच, गरम पाण्याच्या सायकलमध्ये बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते, ड्रम फिरवायला फार लागत नाही, तर रोजचे कपडे गार पाण्यात टाक आणि मशीन नीट भरल्याशिवाय लावू नकोस. पॉलिस्टरच्या कपड्यांतून धुताना बारीक धागे सुटतात आणि ते प्लॅस्टिकच असतं, गार पाणी आणि भरलेलं मशीन असलं की तेही कमी सुटतात.

स्वयंपाकघराकडे मात्र नीट बघ, कारण कुठल्याही घराची मोठी नासाडी तिथेच असते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा रिपोर्ट आहे, २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरातून. हॉटेलं नाहीत, दुकानं नाहीत, आपली घरं. उपाय काही भारी नाही, फ्रिजमध्ये पुढच्या बाजूला एक जागा ठरवून टाक, जे आधी संपवायचंय ते तिथे, आणि तिथलं संपेपर्यंत नवीन काही आणायचं नाही. पिल्लाच्या ताटात आधी थोडंच वाढ, परत मागितलं तर परत दे, लहान मुलांचं ताट भरून वाढणं हा आपला हौसेचा भाग असतो, त्यांच्या भुकेशी त्याचा काही संबंध नसतो.

तरी साली-देठं उरणारच, त्याचं कंपोस्ट कर. कचऱ्याच्या डोंगराखाली ओला कचरा दाबला गेला की हवा न मिळता कुजतो आणि मिथेन वायू तयार होतो, तो शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट पृथ्वी तापवतो. तोच कचरा हवेत कुजला की हा त्रास जवळजवळ नाही. मागे तू प्रयत्न केला होतास आणि वास येतो म्हणून सोडलंस, तर तो वास म्हणजे आत पाणी जास्त आणि हवा कमी, दुसरं काही नाही. जुनी बादली घे, खाली आणि बाजूंना भोकं पाड, तळाला काटक्या किंवा फाडलेला पुठ्ठा, मग ओंजळभर ओल्यावर दोन-तीन ओंजळी सुकं, वाळलेली पानं सगळ्यात बेस्ट, नसतील तर पुठ्ठ्याचे तुकडे. नवीन लोक हमखास हे सुकंच कमी घालतात. कुजवणाऱ्या जंतूंना नायट्रोजनच्या एका भागाला साधारण ३० भाग कार्बन लागतो आणि तो सुक्यातून येतो. मधून मधून मूठभर काढून दाबून बघ, बोटांतून एखाददुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर सुकं घालून हलव, मुंग्या दिसल्या तर फार कोरडं झालंय, पाणी शिंपड. चिलटं आली की वरून सुक्याचा थर दे, उघडी साल दिसायलाच नको. मांस, तेलकट, दुधाचं काही घालू नकोस. कल्चर, म्हणजे कुजवणाऱ्या जंतूंचं विरजण, विकत आणायचीही गरज नाही, कुणाकडून तरी मूठभर तयार कंपोस्ट किंवा झाडाखालची माती आण. काही महिन्यांनी खाली काळसर भुसभुशीत खत दिसेल, मातीसारखा वास येतो त्याला, आणि हे हलवायचं काम पिल्लाकडे दे, मुलांना गांडूळ बघायला मिळालं की बाकी शिकवणी लागत नाही.

आणि एक, कपांवर, चमच्यांवर कंपोस्टेबल लिहिलेलं असतं ना, त्याला भुलू नकोस. त्यातल्या बऱ्याच गोष्टी कारखान्यातल्या कंपोस्टला, म्हणजे ५०-६० अंश गरमी आठवडेच्या आठवडे टिकते तिथेच विरघळतात, आपल्या बादलीत तो चमचा वर्षानंतरही चमचाच राहील.

साफसफाईच्या व्हिडिओंबद्दल विचारलंस. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतले की फेस मस्त येतो, रील बनवायला छान, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं ते थोडा क्षार विरघळलेलं पाणी. सोड्याने घास, व्हिनेगरने चुन्याचे डाग काढ, पण वेगवेगळं. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीच मिसळू नकोस, क्लोरीन वायू सुटतो, हे मात्र गंमतीत घेऊ नकोस, घरात लहान मूल आहे.

बाहेर जायचं म्हणतेस ते मला आवडलं. पण निसर्गात जायचं म्हणून चार तास गाडी पळवण्यापेक्षा जवळच्याच टेकडीवर किंवा तळ्यावर जा, पोराला लांबचं-जवळचं काही कळत नाही, त्याला दगड उचलायला मिळाले म्हणजे झालं. दगड उचलून खालचे किडे बघू दे, फक्त परत हळूच तसाच ठेवायला सांग, ते त्यांचं छप्पर आहे. खाऊ घरीच डब्यात काढून ने. पाकिटं न्यावीच लागली तर कोपरा पूर्ण फाडायचा नाही, तो नखाएवढा तुकडा हातातून उडतो आणि कुणालाच सापडत नाही. फळांची साल फेकायची नाही, कुजेलच की असं सगळे म्हणतात पण ती कितीतरी दिवस पडून राहते आणि प्राण्यांना माणसांच्या खाण्याची चटक लागते. वाटेत चिखल असेल तर चिखलातूनच चाला, बाजूने गेलं की वाट रुंद होत जाते आणि कडेची झाडं मरतात. पोरगं खूश होईल ते वेगळंच.

मुक्काम करणार असाल तर भांडी घासायची, हातपाय धुवायचे ते ओढ्यापासून ६०-७० मीटर लांब, साबणावर बायोडिग्रेडेबल लिहिलं असलं तरी, कारण तो मातीत मुरावा लागतो, पाण्यात नाही. शी करायची तर तेवढंच लांब जाऊन १५ ते २० सेंटीमीटर खड्डा, मग माती लोटायची. वेट वाइप्स पुरायच्या नाहीत, बहुतेकांत प्लॅस्टिकचे धागे असतात, पिशवीत भरून परत आणायच्या. खुरपं त्यासाठी विसरू नकोस, काठीने एवढा खड्डा होत नाही. शेकोटी पेटवलीच तर निघायच्या आधी राखेत पाणी ओतून हात लावून बघ, गरम लागली तर अजून पाणी.

तंबूची लिंक मात्र बंद कर, आमचा आहे की पडून. त्याची एका बाजूची चेन अडकते, तिला मेणबत्ती घासली की सरकते, आणि एक खुंटी कमी आहे, तिथे दगड ठेवून दोरी बांध. पुढच्या वेळी आई तुझ्याकडे येईल तेव्हा तिच्यासोबत देतो, गॅलरीत एकदा वाळवून घे, कुबट वास येतोय त्याला.

बाबा