नऊ तारखेच्या आधीचे तीन महिने

संपादक महोदय,

माझ्या सुनेचे तीन गर्भ तिसरा महिना सरायच्या आतच पडले. गावात कुणी नजर लागली म्हणालं, कुणी शेतातल्या निंदणाला बोल लावला. मीही अंगारा आणला, खोटं कशाला सांगू? जवळच्या दवाखान्यात दर वेळी एकच उत्तर: 'आराम करा, पुढच्या वेळी बघू.'

शेवटी नागपूरला नेलं. तिथे थायरॉइड, साखर, सिकलसेल आणि अँटिफॉस्फोलिपिड (रक्तात गुठळ्या करणारा दोष शोधणारी) अशा तपासण्या सांगितल्या. ही शेवटची एकदा करून भागत नाही, 12 आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. म्हणजे दोन खेपा, दोन दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं वेगळं. दोष याच तपासणीत निघाला. आता ॲस्पिरिनची लहान गोळी आणि रोज पोटात हेपॅरिनचं, म्हणजे रक्त गोठू न देणारं, इंजेक्शन चालू आहे. ते टोचायला मुलगाच शिकला. पाचवा महिना लागलाय.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. चांगली योजना आहे, पण ती चौथ्या महिन्यापासूनच्या बायांसाठी. आमच्यासारख्यांचं तर त्याआधीच सगळं आटोपतं! दोनदा गर्भ पडलेल्या बाईची नोंद आशाताईंकडे वेगळी व्हावी, आणि पुढचे दिवस जाण्याआधीच तिच्या या तपासण्या तालुक्यालाच मोफत व्हाव्यात. निदान रक्त तरी इथे घ्या, नमुना नागपूरला पाठवा. बाईला कशाला पाठवता?

– एक सासू, ता. घाटंजी, जि. यवतमाळ