पान 118 वरच्या चुकीसकट आभार

सर, सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, मी आरएचसीएसए, म्हणजे रेड हॅट लिनक्सची सिस्टिम अ‍ॅडमिनची परीक्षा, पास झाले. 300 पैकी 261 मिळाले, पासिंगला 210 लागतात. पहिल्या वेळी 187 वर गाडी अडली होती. तेव्हा तुम्ही लिहिलेलं या परीक्षेचं गाईड माझ्याकडे नव्हतं. एका क्लासमधून मिळालेले 'हमखास येणारे' प्रश्न होते, तेच घोकून गेले होते. परीक्षेत काय आलं ते लिहीत नाही, तशी सही करून आलेय. एवढंच सांगते, की त्या दिवशी मी केलेलं निम्मं काम मशीन रीबूट होईपर्यंतच टिकलं.

खरं सांगायचं तर तुमच्या गाईडचा आधी रागच आला होता. प्रश्न छापायचा आणि उत्तराच्या जागी 'अमुक मॅन पेज उघडा, खालून वर वाचा' एवढंच! (मॅन पेज म्हणजे लिनक्समध्येच असलेलं, कमांडची माहिती देणारं पान.) पहिलीपासून गाईडांवर वाढलेली मुलगी मी. पैसे मोजून उत्तर मिळत नाही म्हणजे काय? पण परीक्षेत इंटरनेट नसतं आणि मॅन पेजेस मात्र असतात. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ तुमच्यामुळे कळला.

क्रॉनटॅबचंच घ्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी. दोन वर्षं सपोर्टला काढून मला हे ठाऊक नव्हतं, की नुसतं 'मॅन क्रॉनटॅब' म्हटलं की पहिल्या विभागातलं पान उघडतं, आणि त्यात फक्त कमांड कशी वापरायची ते असतं. मिनिट, तास, तारीख, महिना, वार हे पाच रकाने कुठल्या क्रमाने भरायचे, ते पाचव्या विभागात. मध्ये एक 5 टाकायचा, बस. किंवा एसई-लिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेतले पोर्टचे नियम बदलणाऱ्या सेमॅनेज-पोर्टचं पान. त्याच्या तळाशी अपाचे या वेब सर्व्हरला 81 नंबरचा पोर्ट उघडून देणारी अख्खी ओळ उदाहरण म्हणून दिलेली आहे. आकडा बदलला की काम झालं. आणि मी एसई-लिनक्सला घाबरून ते बंदच करून टाकत होते! (ऑफिसात अजूनही बरेच जण तेच करतात. असो.)

पण मनापासून आभार मानायचे ते एफएसटॅबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या, सरावाचे. 'यूयूआयडीतलं एक अक्षर मुद्दाम चुकवा आणि रीबूट करा,' असं तुम्ही लिहिलंय. (यूयूआयडी म्हणजे डिस्कचा ओळख क्रमांक.) रात्री साडेअकरा वाजता, घरचे झोपल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ते केलं. आठ जीबीचा लॅपटॉप, दोन व्हीएम (आभासी मशीन) चालू केल्या की ब्राउझर बंद ठेवावा लागायचा. मशीन दीड मिनिट नसलेल्या डिस्कची वाट बघत बसलं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पडलं. पोटात गोळा आला. रूटचा पासवर्ड टाकला, ओळ दुरुस्त केली, पुन्हा रीबूट. त्या महिन्यात हे मी पंधरा-वीस वेळा तरी केलं असेल. शेवटी शेवटी तर चहा उकळेपर्यंत मशीन मोडून परत उभं करायचे. त्यानंतर कुठलीही नोंद केली, की रीबूट करण्याआधी ती तपासणारी 'माउंट -ए' आणि 'फाइंडमाउंट'ची पडताळणी हात आपोआप करू लागले. मशीन उठलंच नाही तर बाकीच्या कामाला गुण द्यायचे तरी कसे!

आता तक्रार. पान 118 वर तुम्ही एलव्हीएमचा व्हॉल्यूम (डिस्कचा आभासी तुकडा) लहान करायला सांगितलाय. रेड हॅट 6 च्या काळात ते ठीक होतं, तेव्हा ईएक्सटी-4 ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली ठेवण्याची पद्धत) असायची. 2014 ला आवृत्ती 7 आली तेव्हापासून न सांगता मिळते ती एक्सएफएस, आणि ती वाढते पण आक्रसत नाही. मी एक अख्खा रविवार त्यापायी घालवला, कारण चूक माझीच असणार असं मी धरून चालले होते. संध्याकाळी ती वाढवणाऱ्या एक्सएफएस-ग्रोएफएस या कमांडचं पान वाचता वाचता शंका आली. मुखपृष्ठावरचं तुमचं आडनाव बघून मेल मराठीतच लिहिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'चूक माझी. तुम्हाला ती मॅन पेजवरून सापडली ना?' त्याखाली सुधारलेला उतारा. सर, ती एक ओळ मी किती जणांना दाखवली असेल!

पुढच्या आवृत्तीसाठी अजून एक. छापताना कुणीतरी ठिकठिकाणी कमांडमधल्या दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ केली आहे. फायरवॉलच्या प्रकरणातली 'पर्मनंट'ची ओळ जशीच्या तशी टाइप केली तर चालत नाही. शिवाय इंग्रजी एल आणि एक आकडा सारखेच दिसतात. फाँट बदलून घ्या.

कळावे,
आपली एक वाचक, पुणे

ता. क. गाईड सध्या माझ्याकडे नाही. ऑफिसातल्या एका नव्या मुलाने नेलंय. पान 118 बद्दल त्याला मी काही बोललेले नाही.