ऐकायच्या यादीत पाहायचे कार्यक्रम कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतली 'कामे करता करता ऐका' ही दहा पॉडकास्टची यादी वाचली. विषय उपयोगाचा आहे, जागाही अर्धे पान दिली आहे, म्हणूनच राग जास्त आला. दहा नावे आणि प्रत्येकापुढे दोन ओळी कौतुक. भाग किती मिनिटांचा, भाषा कोणती, कुठून सुरुवात करायची, पडदा बंद ठेवून ऐकता येतो का, यातले काहीही नाही. त्यातून तीन नावांपुढे 'गूगल पॉडकास्ट्सवर उपलब्ध' असे छापले आहे. ते अ‍ॅप २०२४ सालीच बंद झाले. छापण्याआधी कोणी एकदा उघडून पाहिले असते तरी हे कळले असते.

'स्वयंपाक करताना' या मथळ्याखाली जे सुचवले आहे ते वाचून तर पत्र लिहायलाच बसावे लागले. अडीच तासांची मुलाखत, तीही यूट्यूबवरची. पाहुणे मध्येच जुने फोटो दाखवतात, 'हे बघा, हा डावीकडचा' म्हणतात. तो कार्यक्रम वाईट आहे असे म्हणणे नाही. सोफ्यावर बसून पाहायला तो उत्तम आहे. पण ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला तो कसा चालेल, याचा विचार झालेला दिसत नाही.

सकाळच्या पोळ्यांचेच घ्या. कणीक मळायला आठ-दहा मिनिटे, मग ती झाकून ठेवायची, मग वीस पोळ्या म्हणजे साधारण अर्धा तास. या सगळ्या वेळात हात पिठाचे किंवा तेलाचे असतात. फोनचा पडदा अशा बोटांना नीट दाद देत नाही. पाण्याचा थेंब पडला तर नको तिथे दाबले जाते. पैसे न भरता साध्या यूट्यूबवर ऐकायचे तर पडदा चालूच ठेवावा लागतो, बंद केला की आवाजही बंद. मध्ये जाहिरात आली की ती वगळायला स्वच्छ बोट हवे, आणि नेमकी त्याच वेळी फोडणीतली मोहरी तडतडत असते. शिवाय चित्राचा दर्जा कितीही खाली आणला तरी अडीच तासांत शेकडो एमबी डेटा जातो. तेच बोलणे नुसत्या आवाजात, ६४ केबीपीएसच्या (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनो, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा नसलेल्या फाइलमध्ये असेल तर तासाला जेमतेम २९ एमबी लागतात. रोज दीड जीबीच्या पॅकवर असलेल्या घरात हा फरक कळतो.

म्हणून स्वयंपाकघरासाठी सुचवायचे तर कसोटी सरळ आहे. भाग अर्ध्या-पाऊण तासाचा, दोन माणसांच्या गप्पांचा आणि आधीच डाऊनलोड करता येणारा असावा. गप्पाच का, तर मिक्सर दोन मिनिटे फिरला की तेवढे बोलणे बुडते. गप्पांमध्ये मुद्दा पुन्हा येतो, धागा सापडतो. रहस्यकथेत तीच दोन मिनिटे गेली तर पुढचे सगळे व्यर्थ. मिक्सर लावण्याआधी थांबवायला फोनला हात लावू नये, वायरच्या इअरफोनवरचे बटण कोपराने किंवा मनगटानेही दाबता येते. एकदा दाबले की थांबते. दोनदा दाबले तर बऱ्याच अ‍ॅपमध्ये थेट पुढचा भाग सुरू होतो आणि लोक वैतागतात. पॉकेट कास्ट्स आणि अँटेनापॉड या पॉडकास्ट ऐकायच्या दोन्ही अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये हे बदलता येते: दोनदा दाबल्यावर पुढचा भाग नको, ३० सेकंद पुढे जाऊ दे. तीनदा दाबल्यावर मागे. एवढे एकदा करून ठेवले की स्वयंपाक होईपर्यंत पडद्याकडे पाहावे लागत नाही.

इअरफोन लावायचा तोही एकाच कानात. दोन्ही कान बंद केले तर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या कशा? डाळीच्या तीन शिट्ट्यांच्या सहा झाल्या की तळाला लागते. एका कानाने ऐकताना मात्र आणखी एक गोष्ट घडते, जी यादी करणाऱ्याला माहीत असायला हवी होती. काही कार्यक्रमांत एकाचा आवाज डावीकडे आणि दुसऱ्याचा उजवीकडे जास्त ठेवलेला असतो, मग प्रश्न ऐकू येतो आणि उत्तर येत नाही. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू केले की दोन्ही आवाज एका कानात येतात. अँड्रॉइडवर आहे, आयफोनवरही आहे. इअरफोन नकोच असेल तर फोन स्पीकरवर लावून भिंतीच्या फरशीला टेकवून उभा करावा. पातेल्यात ठेवण्याची युक्ती बरेच जण सांगतात. त्याने आवाज मोठा होतो खरा, पण घुमतो. स, श, च ही अक्षरे एकमेकांत मिसळतात आणि बोलणे कळत नाही. गाण्याला चालेल, गप्पांना नाही.

ही समज आपल्याकडे नवीन नाही. आकाशवाणीच्या 'कामगार सभा', 'वनिता मंडळ' या कार्यक्रमांची नावेच सांगतात की ते कोणासाठी आहेत. हात गुंतलेला माणूस समोर धरून ते केले जात. आज मराठीत पॉडकास्ट म्हणून जे वाढते आहे त्याला बहुतेक ठिकाणी आधी कॅमेरा लागतो, आवाज मागून येतो. त्यात गैर काही नाही, पण सुचवणाऱ्याने फरक सांगायलाच हवा. फरक ओळखायला पाच मिनिटे लागत नाहीत. नाव अँटेनापॉडमध्ये शोधावे. ते फुकट आहे, खाते उघडावे लागत नाही. तिथे सापडले तर कार्यक्रमाला स्वतःचे फीड, म्हणजे अ‍ॅपला नवे भाग पोचवणारी खुली यादी आहे, तो कुठल्याही अ‍ॅपमध्ये ऐकता येईल. सापडले नाही तर तो बहुधा फक्त चित्रफितीत किंवा एकाच कंपनीच्या अ‍ॅपवर आहे, आणि तसे छापावे. 'मित्रम्हणे', 'अमुक तमुक', 'व्हायफळ' या मराठी गप्पा यूट्यूबबरोबर नुसत्या आवाजातही मिळतात. एवढी एक ओळ दिली असती तर कितीतरी वाचकांचा डेटा वाचला असता. बीबीसी मराठीच्या 'गोष्ट दुनियेची'चे आटोपशीर भाग भांडी आवरताना बरोबर बसतात. तेही यादीत नाहीत.

बाकी कामांचे थोडक्यात लिहितो. सकाळच्या फेरीला बीबीसी रेडिओ ४ चे 'इन अवर टाइम' सुचवायला हवे होते. १९९८ पासून चालू आहे, हजाराहून जास्त भाग आहेत, मेल्विन ब्रॅग यांनी २०२५ मध्ये सूत्रसंचालन सोडले तरी मागचे सगळे ऐकता येते. एक विषय, तीन अभ्यासक, पाऊण तासाच्या आसपास, म्हणजे एका फेरीत एक भाग पुरा. इंग्रजी आहे, वेग ठीक आहे, आणि कुठलाही भाग आधी ऐकला तरी चालतो. माइक डंकन यांच्या 'द हिस्टरी ऑफ रोम'चे उलटे आहे. २००७ ते २०१२ या काळातले हे १७९ क्रमांक दिलेले भाग पहिल्यापासूनच ऐकावे लागतात. बहुतेक अ‍ॅप मात्र सवयीने सर्वांत नवा भाग वर दाखवतात, त्यामुळे माणूस रोमच्या शेवटापासून सुरू करतो आणि सोडून देतो. सुरू करण्याआधी क्रम 'जुने आधी' असा बदलून घ्यायचा, हे यादीत लिहिणे गरजेचे होते. इस्त्री, मेथी निवडणे, शेंगा सोलणे यांत हात अडकतात पण डोके मोकळे राहते. जड विषय तिथेच ऐकावेत. हिंदीतले 'पुलियाबाजी' त्याला चांगले: सौरभ चंद्र आणि प्रणय कोटस्थाने सार्वजनिक धोरणांवर बोलतात, पण शेजारच्या कट्ट्यावर बोलावे तसे. अमित वर्मा यांच्या 'द सीन अँड द अनसीन'चे सुरुवातीचे भाग लहान आहेत, नंतरचे कित्येक तासांचे. ते एका बैठकीत संपवायचे नसतात, आठवडाभराच्या इस्त्रीला पुरवायचे असतात. हेही सांगावे लागते.

'ऑफिसात ई-मेल लिहिताना' असा मथळा देऊन तुम्ही एक कार्यक्रम सुचवला आहे, तो कृपया मागे घ्या. लिहिताना आणि वाचताना डोक्यात शब्दच चालू असतात, कानातून आणखी शब्द आले की दोन्ही बिघडते. ई-मेलमध्ये चूक होते आणि ऐकलेलेही लक्षात राहत नाही. मुलांचा अभ्यास घेताना, हिशेब जुळवताना हेच. तिथे वाद्यसंगीत लावावे, पॉडकास्ट नाही.

लोकलसाठी म्हणून जे निवडले आहे त्यात कुजबुज, पावलांचे आवाज, एकावर एक रचलेले ध्वनी आहेत. रात्री शांत खोलीत ते फार सुंदर ऐकू येते. लोकलच्या खडखडाटात त्यातले निम्मे नाहीसे होते, आणि त्यावर तुम्ही 'आवाज थोडा वाढवा' असा सल्ला दिला आहे. हा सल्ला घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, एवढीच मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. रोज दोन-अडीच तास लोकलमध्ये काढणारा माणूस किती लवकर ही रेषा ओलांडेल, हिशेब करून पाहावा. आवाज वाढवण्याऐवजी कानात घट्ट बसणारी रबरी टोपी असलेले इअरफोन घ्यावेत, पॉकेट कास्ट्समधले 'व्हॉल्यूम बूस्ट' चालू करावे म्हणजे बोलणे गोंगाटातून वर येते, आणि एक-दोन माणसांचे साधे बोलणे निवडावे. कर्जत-लोणावळा घाटातून जाणाऱ्यांनी भाग घरूनच उतरवून घ्यावा, बोगद्यांमागून बोगदे आहेत, नेट टिकत नाही. फलाटावर आणि रूळ ओलांडण्याच्या जागी मात्र कानात काहीही नको. दुचाकीवर हेल्मेटखाली इअरफोन ही कल्पना तुमच्या पानावर यायलाच नको होती. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकणे हे चालवणाऱ्याचे काम आहे.

आता विषय निघालाच आहे तर त्या क्यूआर कोडबद्दल. दहा कोड एका रकान्यात, प्रत्येक जेमतेम एक सेंटिमीटरचा, राखाडी पट्ट्यावर फिकट गुलाबी. ते उघडत नाहीत. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, बारीक चौकोन एकमेकांना चिकटतात. कोडमधला वेबपत्ता जितका लांब तितके चौकोन जास्त आणि बारीक, आणि तुम्ही भलेमोठे शेपूट असलेले पत्ते घातलेले दिसतात. पत्ता छोटा करून घ्यावा, कोड किमान दोन सेंटिमीटरचा असावा, पांढऱ्यावर काळा, चारही बाजूंनी चार चौकोनांइतकी कोरी जागा. आणि पानाच्या घडीवर तर मुळीच नको. सातवा कोड बरोबर घडीवर आहे. जे फोनवरच ई-पेपर वाचतात ते आपल्याच पडद्यावरचा कोड कशाने टिपणार? त्यांच्यासाठी दाबला की उघडेल असा पत्ता द्या.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल तर गूगल पॉडकास्ट्सची ती तीन नावे आणि दुचाकीचा परिच्छेद आधी काढा, आणि उरलेल्या प्रत्येक नावापुढे मिनिटे छापा.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली