आईची परीक्षा घेणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आईचं निदान झालं, औषधं सुरू झाली. आभार मानायचे आहेत ते त्याआधीच्या तासाभराचे.

आम्ही आलो तेव्हा हातात दुसरीकडचा कागद होता. एमएमएसई, म्हणजे स्मरणशक्ती-विचारशक्तीची छोटी चाचणी, ३० पैकी २१ गुण. '२४ च्या खाली म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश)' एवढं सांगून आमची बोळवण झाली होती. तुम्ही कागद पाहिलात आणि विचारलंत, "शिकल्यात कितवीपर्यंत? ऐकू नीट येतं?" आई सातवी पास. त्या चाचणीतलं शंभरातून सात-सात वजा करत जाणं तिला तरुणपणीही जड गेलं असतं! आणि लक्षात ठेवायचा शब्द कानावरच पडला नाही, तर आठवणार कुठून? श्रवणयंत्राचा सेल बदलून मगच तुम्ही मोका ही तशीच दुसरी चाचणी सुरू केलीत. त्यात १२ वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. पण सातवीवाल्याला तेवढ्यानं न्याय मिळत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

त्यातलं घड्याळाचं चित्र मला पोरखेळ वाटलं होतं. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती. आईनं मोठा काटा थेट १० च्या आकड्यावर नेला. 'दहा' ऐकल्यावर हात तिकडे ओढला जातो, तो आवरून २ कडे वळवणं हेच मेंदूचं काम, हे कळल्यावर मी गप्प झालो. आधी ऐकवून नंतर विचारलेल्या पाच शब्दांचंही तसंच. सूचक खूण दिल्यावरही ते आठवत नाहीत, याची तुम्ही वेगळी नोंद केलीत. त्या नोंदीला गुण नसतात म्हणे.

मला मात्र आईच्या अपरोक्ष विचारलंत: गोळ्या स्वतः घेतात का, पैशांचे व्यवहार कोण बघतं, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का, हे हळूहळू वाढलं की अचानक. तिच्यासमोर हे बोलणं मला जमलं नसतं. पुढे बी-१२, थायरॉइड, नैराश्य, मेंदूचं स्कॅन, सगळं तपासून झाल्यावरच अल्झायमरचं नाव घेतलंत. नुसत्या चाळणी (प्राथमिक) चाचणीवर निदान उरकलं नाहीत.

सहा महिन्यांनी पुन्हा येतोय. तेव्हा शब्द वेगळे देणार म्हणालात, तेच बरं. जुन्या यादीतले दोन आपल्याला पाठ आहेत, असा आईचा दावा आहे. कोणते, ते सांगत नाही.

आपला नम्र,
एका पेशंटचा मुलगा