बंधाऱ्यावर ये, मग प्रोजेक्ट ठरव

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

प्रोजेक्टसाठी काहीतरी नवीन सुचायला हवं आणि वर्गातले सगळे ॲप नाहीतर सेन्सरच्या मागे लागलेत, असं तू परवा म्हणालीस. फोनवर एवढं सगळं बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

ज्या बंधाऱ्यावरून तू शाळेला जायचीस, तसल्या बंधाऱ्याला सगळ्या महाराष्ट्रात 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात. तुझ्या पुस्तकातही हे नाव असेल. त्याची करामत नीट समजून घे. नदीत आडवी पक्की भिंत घातली तर पावसाळ्यात पाणी मागं तुंबतं आणि तळाला गाळ साचत जातो. इथं भिंतच नाही. नुसते दगडी खांब आणि खांबांना उभ्या खाचा. पाऊस सरला, नदी उतरली की त्या खाचांत बर्गे, म्हणजे लाकडी नाहीतर लोखंडी फळ्या, सोडायचे, एकावर एक, दोन ओळींत, आणि मधे चिकण माती ठासायची. पाणी अडलं! उन्हाळाभर त्यावर मोटरी चालतात, ऊस जगतो, गावाच्या नळाला पाणी येतं. पावसाळ्याच्या तोंडावर बर्गे काढले की नदी मोकळी, आणि पूर गाळासकट निघून जातो. वरून पलीकडच्या गावाला रस्ता मिळतो तो वेगळाच.

पंचगंगेची पातळी आपण राजाराम बंधाऱ्यावरच बघतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या महापुरात तो बंधारा पार बुडाला होता, तरी पाणी उतरल्यावर पुन्हा कामाला लागला. पाण्याशी झुंजायचं नाही, त्याला वाट द्यायची, हा त्यामागचा विचार मला फार मोठा वाटतो.

राधानगरीचंही तसंच. शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या त्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच दाबानं उघडतात. मुसळधार पावसात, लाइट गेलेली असताना, मध्यरात्री कुणी बटण दाबायला नसलं तरी दार उघडतं. यापेक्षा हुशार यंत्र मी तरी पाहिलेलं नाही.

आणि सगळ्याच युक्त्यांना यंत्र लागतं असंही नाही. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते. होळीला शेणी, म्हणजे गोवऱ्या, जाळून टाकण्यापेक्षा तिथं चितेसाठी दान करायची रीत आपल्या शहरातल्या मंडळांनी रुजवली. गरिबाघरच्या माणसाला शेवटच्या दिवशी कुणापुढं हात पसरावा लागत नाही. यात नवीन वस्तू कुठली? एकीकडं वाया जाणारं दुसरीकडं पोचवलं, एवढंच.

पण बंधाऱ्याचं सगळं गोड आहे असं समजू नकोस. बर्गे गळतात. लोखंडी असले तर चोरीला जातात. आणि काढताना काय होतं ते जवळून बघायला हवं. ओला, मातीनं जाम झालेला बर्गा हलतच नाही. वर उभी राहिलेली माणसं दोराला हूक लावून ओढतात, एखादा खाली पाण्यात उतरून पहारीनं ढिला करतो. बर्गा एकदम सुटला की वरच्याचा तोल जातो आणि खालच्याच्या अंगावर धार येते. वळवाच्या पावसानं पाणी चढत असेल तर घाई, आणि घाईत बोटं चेंगरतात. हे काम करणाऱ्यांचे हात बघितलेस तर तुला प्रोजेक्ट शोधावा लागणार नाही.

दोन माणसांना उचलता येईल, गावातल्या वेल्डरला दुरुस्त करता येईल, पाण्यात कुणी न उतरता बर्गा वर येईल, असं काही जमतंय का बघ. उद्यमनगरात ओतकाम, लेथ, वेल्डिंग, सगळं एका गल्लीत मिळतं. नमुना करायला मी येतो तुझ्याबरोबर. फक्त कागदावर चित्र काढायच्या आधी त्या माणसांशी बोल. कुठं अडतं, ते त्यांना तुझ्या सरांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

दिवाळीनंतर आपल्याकडं बर्गे घालायला सुरुवात होईल. पाणी संस्थेच्या पाटकऱ्याशी, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाशी, बोलून ठेवलंय, तो तुला खाचांची मापं घेऊ देईल. सुट्टी दोन दिवस वाढवून घे, टेप आणि जुने बूट आण. आई भडंग पाठवतेय, मैत्रिणींनाही दे.

तुझे,
बाबा