मोगरा विकणारी आई आणि ‘गृहिणी’चा रकाना

महोदय,

जनगणनेच्या बातम्या सध्या रोज येत आहेत आणि चर्चा सगळी जातीच्या रकान्याची चालली आहे. मला कामधंद्याच्या रकान्याबद्दल लिहायचे आहे. माझी आई वारली तेव्हा मृत्यूच्या नोंदीच्या अर्जात तिच्या नावापुढे सरळ ‘गृहिणी’ लिहिले गेले. कारकुनाने विचारलेसुद्धा नाही. शाळेत न गेलेली म्हातारी बाई आणखी काय असणार?

आई वसईतल्या नंदाखालची. वाडीतली केळी, दुधी, पडवळ आणि हंगामात मोगरा घेऊन ती पहाटेच्या लोकलने दादर गाठायची. लाल लुगडे, डोक्यावर चुंबळ. विरारला गाडी लागली की मालडब्यात आधी पाट्या चढवायच्या, मग स्वतः चढायचे. संकष्टी कधी, मार्गशीर्षातले गुरुवार कधी, लग्नाच्या तिथी कोणत्या, हे सगळे तिला पाठ असे. फुलांचा भाव त्या दिवशी चढतो, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी किती कळ्या खुडायच्या हे तीच ठरवायची.

रविवारी मात्र पाटीला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी मोठा सण असला आणि बाजार तेजीत असला तरी नाही. वडील कधी कधी कुरकुरायचे. ती चर्चमधल्या सकाळच्या मिस्साला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, निघून जायची आणि विषय तिथेच संपायचा. रोजच्या भवानीचे पैसे ती एका पत्र्याच्या डब्यात वेगळे टाकायची. त्यातून चर्चला दान जायचे, मृतांसाठी मिस्सा सांगितली जायची, आणि शेजारच्या एका मुलीची नर्सिंगची फीसुद्धा त्यातूनच गेली. संध्याकाळी जपमाळेला घरातल्या प्रत्येकाने हजर राहायचे, अभ्यास असो की पाहुणे असोत. माळ संपली की त्याच बोटांनी ती कनवटीची चिल्लर सोडून मोजायला बसायची, आणि उधारीचा हिशेब दाराच्या आतल्या अंगाला खडूच्या रेघांनी मांडायची. त्या रेघा पुसायची कोणाची हिंमत नव्हती.

विहिरीवर पंप बसवला तो तिच्या शब्दावर, बॅसीन कॅथॉलिक बँकेच्या कर्जातून. शेतकऱ्यांची सावकारापासून सुटका व्हावी म्हणून धर्मगुरू मॉन्सिनॉर मोनीस यांनी 1918 मध्ये सुरू केलेली ही पतसंस्था आमच्या बायकांना मोठाच आधार ठरली. हप्ता आईने कधी चुकवला नाही. सून घरात आली की पहिल्याच पावसाळ्यात तिला मोगऱ्याचा एक वाफा लावून द्यायची. त्याची कमाई सुनेची, नवऱ्याने त्यात बोलायचे नाही. माझ्या एका वहिनीने त्याच पैशांतून शिलाईचे दुकान टाकले.

एवढे सगळे करणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर कधी चढले नाही. सरकारी कागदावर तिच्या कष्टाची नोंद व्हायला जागा होती ती जनगणनेत. मागची जनगणना 2011 ची. त्या गणनेतल्या कामाच्या व्याख्येतही घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी राबणे हे काम धरले होते. वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलेली व्यक्ती मुख्य कामगार, त्याहून कमी केलेली सीमांत कामगार. म्हणजे आई नियमाने मुख्य कामगार होती. पण प्रगणक दारात येतो, उत्तर घरातला पुरुष देतो, आणि ‘बायको काय करते?’ याला ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर तयार असते. तेव्हा ती बाई बाजारात असते.

आता 1 मार्च 2027 हा संदर्भदिन धरून नवी गणना होणार आहे. माहिती मोबाइलवर भरली जाणार आहे, कुटुंबाला स्वतःही भरता येणार आहे. वसईच्या वाड्यांतून, आगाशी-निर्मळपासून माणिकपूरपर्यंत, अजूनही बायका भाजी-फुले घेऊन मुंबईला जातात. आमच्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, रविवारी मिस्सानंतर सूचना वाचून दाखवतात. त्यात ही एक सूचना वाचावी, अशी आमच्या फादरांना माझी विनंती आहे: प्रश्नाचे उत्तर त्या बाईलाच देऊ द्या, आणि ती बाहेर असेल तर प्रगणकाला संध्याकाळी यायला सांगा. प्रशिक्षण देणाऱ्या अधिकाऱ्यांनीही ‘पाटी घेऊन बाजारात जाता का? वाडीत काम करता का?’ असे साध्या भाषेत विचारायला शिकवावे. ‘काम करता का’ एवढेच विचारले तर आमच्याकडच्या निम्म्या बायका ‘नाही’च म्हणतील, कारण काम म्हणजे पगाराची नोकरी असे त्यांना सगळ्यांनी आजवर सांगितले आहे.

– एक वाचक, नंदाखाल (ता. वसई, जि. पालघर)