पंप बंद करायला लागलेला वेळ

इगतपुरी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडली नाहीस, पण आवाज बसलेला होता. आईने विचारलं तेव्हा मी लाइन खराब होती असं सांगून वेळ मारून नेली. तिला अजून काही बोललेलो नाही. सात वर्षं रिअ‍ॅक्टरच्या पॅनेलवर बसणाऱ्या मुलीला परीक्षेत नापास करून शिफ्टवरून काढलं, हे तिला कसं समजावायचं ते मलाच नीट जुळेना. म्हणून आधी तुलाच लिहितो.

तुझा सगळ्यात जास्त राग त्या एनआरसीच्या, म्हणजे तिकडच्या अमेरिकेतल्या अणुप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, माणसावर आहे. "मागे बसून सारखा लिहीत होता, बाबा." बाळा, तो तुझ्याबद्दल लिहीत नव्हता. तूच मला मागे समजावून सांगितलं होतंस आणि आता तूच विसरलीस. पूर्वी एनआरसीचे लोक स्वतः येऊन तुमची परीक्षा घेत. परवान्याच्या सहा वर्षांत एकदा तरी त्यांच्या हातून पास व्हावंच लागे. 1994 साली तो नियम काढला. आता दरवर्षीची सिम्युलेटरची, म्हणजे नकली पॅनेलवरची, आणि दोन वर्षांनी येणारी मोठी लेखी परीक्षा प्लांटवालेच घेतात, आणि एनआरसी बघते ती परीक्षा घेणाऱ्यांकडे. पेपर सोपा काढला का, आपल्याच माणसाला सांभाळून घेतलं का, नापास झालेल्याला पुन्हा न शिकवता शिफ्टवर बसवलं का. तू चुकलीस आणि तुझ्या ट्रेनरने ती चूक जशीच्या तशी मांडली, म्हणजे त्या दिवशी खरा पास झाला तो ट्रेनर. त्याच्याशी अबोला धरू नकोस.

आता पंपांचं. परीक्षेचं गुपित पाळायचं म्हणून आठवडाभर तू काही सांगितलं नाहीस, ते बरोबरच. पण सांगितलंस तेव्हा मी वहीत लिहून घेतलं आणि रात्री तुझीच जुनी पुस्तकं काढून बसलो. बारीक गळती, दाब उतरतोय, पाणी उकळी फुटायच्या बेताला आलंय. अशा वेळी रिअ‍ॅक्टरमधून पाणी फिरवणारे मोठे पंप ताबडतोब बंद करायचे, नाहीतर गळतीतून आणखी पाणी जातं, आणि तू थांबलीस. का थांबलीस? मला वाटतं, सात वर्षं तुझ्या अंगात मुरलंय की पंप फिरतोय म्हणजे थंडावा आहे. चालता पंप बंद करायला हात धजत नाही. माझाही धजला नसता.

पेनसिल्वेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुप्रकल्पात नेमकं हेच झालं ना? 28 मार्च 1979, पहाटेचे चार. (चार वाजता रेल्वेच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांची काय अवस्था असते ते मला विचार.) एक व्हॉल्व्ह उघडला तो मिटलाच नाही. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला, कारण तो दिवा व्हॉल्व्हला मिटायचा हुकूम गेला एवढंच दाखवायचा, मिटला की नाही ते नाही. आमच्याकडे रेल्वेत सिग्नलचा खटका ओढला म्हणून खांबावरचा हात पडलाच असं धरून चालणारा केबिनवाला एक दिवस टिकला नसता! कंट्रोल रूममधले लोक काही अडाणी नव्हते. परवानाधारक होते, नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर घडलेले. तिथे त्यांच्या हाडात बसलं होतं की प्रेशरायझर, म्हणजे दाब सांभाळणारी टाकी, पाण्याने गच्च भरू द्यायचा नाही. त्याची पातळी वर चढताना दिसली आणि त्यांनी आत येणारं आणीबाणीचं पाणीच कमी केलं. वर पाणी दिसत होतं, खाली अणुइंधनाचा गाभा कोरडा पडत होता. मोठे पंप तास-दीड तासाने, थरथरायला लागले तेव्हा बंद केले. तोवर फार उशीर झाला होता. जवळपास निम्मा गाभा वितळला.

तो पंप लवकर बंद करायचा नियम त्या अपघातानंतरच्या हिशोबांतून आला. म्हणजे तू अडखळलीस ती जागा नवी नाही.

आणि एक गोष्ट वाचून माझी झोपच उडाली. दीड वर्ष आधी, सप्टेंबर 1977 मध्ये, ओहायोतल्या डेव्हिस-बेसी प्लांटमध्ये तसल्याच कामाचा व्हॉल्व्ह तसाच उघडा अडकला होता. तिथे लोकांच्या वेळेत लक्षात आलं, प्लांटही कमी ताकदीवर चालू होता, निभावलं. पण ती खबर पेनसिल्वेनियातल्या शिफ्टपर्यंत पोचली नाही. आमच्या भाषेत, कॉशन ऑर्डर (पुढे धोका आहे अशी ड्रायव्हरला द्यायची लेखी सूचना) निघाली, पण पुढच्या ड्रायव्हरच्या हातात पडलीच नाही. तुझी ही दर थोड्या दिवसांनी येणारी ट्रेनिंगची पाळी, जिला तू "पुन्हा शाळा" म्हणतेस, ती मला कॉशन ऑर्डरच वाटते. थ्री माइल आयलंडच्या लोकांना तर स्वतःचा सिम्युलेटरही नव्हता. वर्षातून एकदा व्हर्जिनियात जायचं आणि दुसऱ्याच पॅनेलवर हात फिरवायचा. तू ज्या सिम्युलेटरवर नापास झालीस तो तुझ्याच कंट्रोल रूमसारखा, बटणासकट.

माझी गोष्ट तुला कधी सांगितली नाही. हर्नियाच्या ऑपरेशननंतर मी चार महिने घरी होतो, तू तेव्हा आठवीत असशील. तीन महिन्यांच्या वर सेक्शनवर गेलं नाही की आमच्यात पुन्हा एलआर करावं लागतं, दुसऱ्याच्या इंजिनात उभं राहून रस्ता शिकायचा. तुमच्याकडे तिमाहीत आठ तासांच्या सात किंवा बारा तासांच्या पाच शिफ्ट भरल्या नाहीत तर चाळीस तास दुसऱ्याच्या नजरेखाली, तसंच. मी जाम चिडलो होतो. बावीस वर्षं घाट चढलो-उतरलो, झाडन्‌झाड पाठ. आणि गाडी चालवणारा कोण, तर एके काळी माझ्याच हाताखाली असिस्टंट म्हणून चाललेला पोरगा. एका वळणापाशी मी सवयीने जोरात सिग्नल पुकारला. तो काही बोलला नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या लक्षात आलं, तिथे सिग्नलच नव्हता. माझ्या रजेत तो वळणाच्या पुढे नेला होता. मी काचेतून बाहेर बघतच नव्हतो, आठवणीत बघत होतो.

त्या दिवशी रनिंग रूममध्ये मी जेवलो नाही. पण नंतर निवृत्तीपर्यंत त्या वळणावर जरा जास्तच मोठ्याने पुकारायचो. असिस्टंट हसायचे.

हे मी परीक्षेची तारीफ करायला लिहीत नाही. नियमांच्या नावाखाली फालतू कागद भरायला लावणारे साहेब मीही पुष्कळ पाहिलेत. आणि नुसत्या परीक्षेने काम भागतं असंही नाही. 1987 मध्ये पीच बॉटम अणुप्रकल्पाचे ऑपरेटर परवाने खिशात असताना कंट्रोल रूममध्ये झोपा काढत होते. एनआरसीने अख्खा प्लांट बंद करायला लावला. पण तुला शिफ्टवरून काढलं, पुन्हा शिकवताहेत, पुन्हा परीक्षा घेऊन मग पॅनेलवर बसवणार, यात तुझा अपमान मला तरी दिसत नाही. आमच्याकडे डोळे तपासताना रंगाचे ठिपके ओळखता आले नाहीत तर ड्रायव्हर गाडीवरून उतरतो. त्याला कोणी नालायक म्हणत नाही.

आईला मी आज संध्याकाळी सांगतो. "मनूचं एलआर चाललंय" म्हटलं की तिला बरोबर कळेल.

गुरुवारी पुन्हा सिम्युलेटर आहे म्हणालीस. पंपांपाशी आलीस की आकडा मोठ्याने वाच, समोरच्याकडून परत वाचून घे, आणि बंद कर. मेतकूट आणि लसणाची चटणी पाठवली आहे, डबा नीट झाकून ठेव. झालं की फोन कर, तुझी रात्र म्हणजे माझी सकाळ, मी साडेचारलाच उठलेला असतो.

तुझे
बाबा